धार मारणे

आमच्या घाटकोपरच्या डोंगरावर जानेवारीत चार-सहा सकाळी अशा येतात की नळाचं पाणी हाताला चावतं. तेवढ्यावर आमच्या चाळीतल्या बायका स्वेटर काढतात, म्हातारे कानटोप्या घालतात, आणि दुपारी बारा वाजता तेच स्वेटर कमरेला गुंडाळून फिरतात. लोक म्हणतात, काय झकास थंडी पडलीय. मला त्या सकाळी नकोशा वाटतात. भांड्यांवर गार पाणी पडलं की मला बर्फ आठवतो. खरा बर्फ मी कधी पाहिलेला नाही. फ्रीजमधला पाहिलाय, आणि मासळीच्या टोपलीतला, लाकडाचा भुसा लागलेला.

तरी आमच्या घरात एक मोसम असा होऊन गेला, की सगळी बोलणी बर्फाची होती. सात वर्षं झाली त्याला.

बाबा ब्रेझिंग करायचे. साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर त्यांचा आणि सावंतकाकांचा मिळून गाळा होता. लेथवर लोखंड कापायचं जे हत्यार असतं, त्याच्या टोकाला कार्बाइडचा नखाएवढा तुकडा बसवलेला असतो. कार्बाइड म्हणजे लोखंडाला खाणारी वस्तू. कडक इतकी की कानस तिच्यावर घसरते, आणि ठिसूळ इतकी की हातातून फरशीवर पडली तर कपासारखी फुटते. ती पोलादावर चांदीच्या पातळ पत्तीने, गॅसच्या ज्योतीवर बसवायची, हे बाबांचं काम. सावंतकाका मिलिंग मशीनवर खाचा पाडून द्यायचे. सगळं आयुष्य दोघांनी त्या बारा बाय वीसमध्ये काढलं.

मला तिथे उभं राहायला मनाई होती. डबा घेऊन गेले तर बाबा दारातच घ्यायचे. "जा, अभ्यास कर. इथे काय ठेवलंय?" मी ऐकलं. बी.ए. इंग्लिश, फर्स्ट क्लास. आमच्या आजोबांपासून पुढे सगळ्या घरात पहिलीच. हे मी उगाच मिरवत नाही, पुढच्या गोष्टीला ते लागतं म्हणून सांगते. त्यानंतर गाळ्यात कुठलाही इंग्रजी कागद आला की बाबा तो घरी आणायचे. मी वाचायचे, मराठीत सांगायचे, आणि ते आईकडे बघायचे. त्यांच्या त्या बघण्यासाठी मी लाइटबिलसुद्धा मोठ्याने वाचलेलं आहे.

नेगीजी आले ते नवरात्रात. ऑक्टोबरचं ऊन असं होतं की पत्र्याला हात लावता येत नव्हता, आणि हा माणूस लोकरीची टोपी घालून, खांद्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी घेऊन गाळ्याच्या दारात उभा. त्याचा मेव्हणा जुहूच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता, त्याच्या ओळखीतल्या ओळखीने बाबांचं नाव त्याच्यापर्यंत पोचलं होतं. हिमाचलात वरच्या अंगाला त्याचं गाव. तिथे त्याच्याकडे चार जुन्या स्नो-स्कूटर होत्या. पुढे दोन पट्ट्यांवर घसरणाऱ्या, मागे पट्टा फिरणाऱ्या गाड्या. तो आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून पर्यटकांना त्यावर फिरवून आणायचे. गाड्या इतक्या जुन्या, की त्या बनवणारी कंपनीच कधीची बंद पडलेली. सुट्या भागांचं नाव काढायची सोय नाही.

गोणपाट सोडलं तर आत दोन लोखंडी पट्ट्या. लांबीला माझ्या खांद्याएवढ्या, पुढून वर वळलेल्या. कुणी होडीचा नुसता तळ कापून काढावा तशा. त्या पट्टीच्या पोटाखाली एक सळई असते, होडीच्या कण्यासारखी, आणि त्या सळईच्या खालच्या बाजूला कार्बाइडची बारीक कड. हँडल वळवलं की तीच कड बर्फात रुतते आणि गाडी वळते. आज हे मी एका वाक्यात सांगू शकते. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. नेगीजींना इतकं माहीत होतं की ही वस्तू झिजली, आता नवीन पाहिजे. त्यांच्याकडे होत्या त्या सळया झिजून झिजून शेंगदाण्यासारख्या गोल झाल्या होत्या. मूळ आकार काय होता ते त्यांच्यावरून देवालाही सांगता आलं नसतं.

सावंतकाका मिलिंग मशीन बंद करून बघायला आले. "गे बाय," ते मला म्हणाले, कारण त्या दिवशी मी डबा घेऊन पोचले होते, "ह्यो माणूस बर्फार गाडी चालयता म्हणता. मगे आमच्या कुल्फीवाल्याक सांग, तेच्या गाड्याकव पट्टी बसवन घे."

नेगीजींना मालवणी काय कळणार, पण हसले. म्हणाले, काल मेव्हण्याने जुहूला समुद्र दाखवला, ओल्या वाळूवरून चाललो, अगदी एप्रिलमधल्या बर्फासारखी लागते. "आपकी रेत पर भी चल जाएगी मेरी गाड़ी, मिस्त्रीजी।"

जाताना त्यांनी एक कागद दिला. गाडीच्या जुन्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स, तीसुद्धा झेरॉक्सची झेरॉक्स. सळईचं चित्र आणि खाली इंग्रजीत सहा ओळी. बाबांनी काळं लागू नये म्हणून तो दोन बोटांत धरून घरी आणला. संध्याकाळचे सात वाजले असतील, आई बांगडे तळत होती. मी कागद दिव्याखाली धरला आणि फाडफाड वाचला.

"काय म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"कार्बाइड मधल्या भागातच. दोन्ही टोकांना नको. सळई आधी वाकवायची, मग कार्बाइड. आणि खालच्या कडेला धार मारायची."

"धार मारायची?"

"हो."

"नक्की? मग कार्बाइड कशाक घालतत? धार मारूची तर साधा लोखंड काय वाईट?" विचारात पडले की बाबांच्या तोंडी गाव यायचं.

"घासून जाऊ नये म्हणून. तेही लिहिलंय. बाबा, इंग्रजी आहे ते. मला कळतं ना."

ते आईकडे वळून म्हणाले, "बघितलंस? एकदा तरी अडखळली का?"

कागदावर लिहिलं होतं ते असं, की कार्बाइडची खालची कड नव्वद अंशात आणि तीक्ष्ण ठेवावी. मी ते बरोबर वाचलं होतं. अर्थही बरोबर लावला होता. चाळीत सायकलचं चाक फिरवत सुऱ्या-कात्र्यांवाला यायचा, आई म्हणायची, जा गं, विळीला धार मारून आण. मला धार मारणे म्हणजे हेच. चकचकीत, पातळ, भाजी चरचर कापणारं. आणि गाळ्यात, ज्या गाळ्याच्या दारातून मला रोज परत पाठवलं जायचं, तिथे धार मारणे म्हणजे धार मारून टाकणे. काम झालं की लोखंडाच्या कडेला जी बोचरी धार राहते, तिने कुणाचा हात कापू नये म्हणून ती कानशीने घालवायची. मेलेली धार. तिथला प्रत्येक माणूस दिवसातून पन्नास वेळा हा शब्द बोलतो. धार आणायची असेल तर ते लावणे म्हणतात. एक घर, एक भाषा, आणि मध्ये हा एक शब्द, त्याच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी. मला गाळ्याच्या आत उभं राहू दिलं असतं तर महिन्याभरात कळलं असतं. पण मग मी बी.ए. कशी झाले असते, असंही बाबा म्हणाले असते.

दिवाळीच्या आधीचे ते दिवस मला लख्ख आठवतात, आणि खरं सांगायचं तर सुखाचे म्हणून आठवतात, हेच वाईट आहे. सुट्टीत मी हट्टाने दोन दिवस गाळ्यावर गेले. बर्फाचं काम होतं, बाबांनीही या वेळी दारात अडवलं नाही. एक स्टूल पुसून दिलं.

चार गाड्या म्हणजे आठ सळया. पट्टीचं पोट कुठे किती वाकलंय ते बाबांनी आधी पुठ्ठ्यावर उतरवलं. सळई तापवून, थोडी थोडी वाकवून, परत परत पट्टीखाली धरून बघायचे, उजेड कुठून येतो का. उजेड आला की पुन्हा भट्टी. पट्टीला भोकं होती, वर्षानुवर्षं धक्के खाऊन लांबट झालेली. सळईवर जे बोल्ट वेल्ड करायचे ते या भोकांतून अलगद वर यायला हवेत. एक बोल्ट केसभर चुकला की तिसरा बसत नाही. "ठोकून बसवलेलं बसलेलं नसतं," बाबा म्हणाले, आणि नीट बसलेला बोल्ट काढून, परत लावून दाखवला. नुसत्या बोटांनी. नट हाताने फिरत शेवटपर्यंत गेला.

मग सावंतकाकांनी खाच पाडली. मग कार्बाइड. सांधा धरावा म्हणून लावलेला फ्लक्सचा पांढरा लेप ज्योतीखाली आधी दुधासारखा फुगतो, मग बसतो, मग एकाएकी पाण्यासारखा नितळ होतो. त्याच क्षणाला चांदी वितळून खाचेतून धावते. बाबा त्या वेळी श्वास घेत नसत. मी बघितलंय. पक्की झाली की सळई चुन्याच्या डब्यात पुरून ठेवायची, हळूहळू निवायला. घाईने गार केली तर कार्बाइडला तडा जातो. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सळई दोरीला टांगून ते पान्याने हलकेच टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आत कुठे पोकळी असेल तर आवाज भांड्यासारखा येतो. बाजूच्या गाळ्यात प्रेस चालू, वर कुणाचं तरी ग्राइंडर, बाहेर टेम्पोचे हॉर्न, आणि त्या सगळ्यातून त्यांनी पाचव्या सळईचा आवाज वेगळा काढला. "ही परत करूया. डाव्या टोकाला सुटलीय." उघडून बघितली तर खरंच तांदळाएवढी जागा सुटलेली.

आणि शेवटी धार. कार्बाइडची कड मारणं सोपं काम नाही. ग्राइंडरच्या हिरव्या चाकावर धरून, मग हिऱ्याच्या कानशीने, मग तेलदगडावर. एका सळईला अर्धा दिवस. चार दिवस ते फक्त हेच करत होते. सावंतकाका म्हणाले, "अरे, बर्फाक इतको लाड कित्याक?" बाबा म्हणाले, "कागदात आहे तसं द्यायचं."

झालं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "बोट फिरव."

मी फिरवलं. इकडून तिकडे, एका दमात.

"कसं लागतं?"

"गुळगुळीत."

"बाळाच्या हिरडीसारखं," ते म्हणाले. "हातात घेणाऱ्याला कळायला पाहिजे, कुणी केलंय."

मी म्हणाले, "मस्त झालंय, बाबा." माझं बोट त्या कडेवर होतं. कड नव्हतीच तिथे, आणि तीक्ष्ण हा शब्द मी स्वतः वाचलेला होता. तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. बी.ए. झालेलं डोकं त्या बोटाला कुठे जोडलेलंच नव्हतं. मी आजही भाजी चिरताना, काही नाही तर दाराची कडी लावताना, ते बोट बघते.

पार्सल गेलं. पोचल्याचा फोन आला तेव्हा बाबा अभिमानाने ओरडूनच बोलले, "धार मारके भेजा है, हाथ लगाके देखो।" तिकडून नेगीजी म्हणाले, बढ़िया, बढ़िया. त्यांनीही माझ्यासारखाच, धार लावली, असा अर्थ घेतला. हातात मोजे होते त्यांच्या, असं ते नंतर म्हणाले. मोज्यातून काय कळतं.

जानेवारीतला शनिवार होता. आमच्याकडे स्वेटरच्याच सकाळी चालू होत्या. मी ऑफिसला सुट्टी म्हणून डबा घेऊन गेलेले. बाबांचा फोन वाजला, हाताला फ्लक्स लागला होता म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला. नेगीजी बोलत होते, पण आवाज इतका सपाट की आधी ओळखू आला नाही. परवा सकाळी उतारावर बर्फ काचेसारखा घट्ट झाला होता. भाऊ एकटाच रस्ता बघायला पुढे निघाला. वळणावर त्याने हँडल वळवलं, पट्ट्या वळल्या, गाडी वळली नाही. सरळ गेली. खाली नाल्यात. भाऊ वाचला. कमरेखाली काही हलत नाही.

मग ते म्हणाले, "मैंने अब दस्ताना उतार के देखा, मिस्त्रीजी। ये तो गोल है। ये गोल किसने किया?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. कागदावरची ओळ, सुऱ्या-कात्र्यांवाला, ते बोट, सगळं एकदम. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. फोनकडे बघत होते.

"मैंने," ते म्हणाले. "मेरे से सुनने में गलती हुई। कान खराब है मेरा।"

सावंतकाकांनी मान खाली घातली. मी तिथे दोन पावलांवर, डबा हातात, उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. हिंदीत, मराठीत, माझ्या फर्स्ट क्लास इंग्रजीत, कशातही चाललं असतं. मी बोलले नाही. नेगीजी म्हणाले, "अच्छा।" आणि फोन ठेवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर बाबांनी आठही सळया नव्याने केल्या. या वेळी धार लावून. तळहात दोनदा फाटला त्यांचा. पाठवल्या. पोचल्या की नाही, काही कळलं नाही. फोन केला तर उचलला जात नव्हता, पुढे नंबरच बंद झाला. कागदावरचं काम बाबांनी त्या दिवसापासून घेतलं नाही. नमुना आणा, म्हणायचे, नमुना असेल तर करतो. हल्ली नमुना घेऊन कोण येतं? दोन वर्षांत गाळा गेला. सावंतकाका गावाला गेले. तिथे आता एका कुरियरवाल्याची खोकी रचलेली असतात. मी पवईला एका ऑफिसात आहे. इंग्रजी कागदपत्रं तपासते, चुका शोधून लाल रंगात दाखवते. मॅडमना माझं काम आवडतं. म्हणतात, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

आणि बाबा बहिरे झाले.

म्हणजे तसं ते सांगतात. फोनवरचं ते एक वाक्य त्यांनी धरून ठेवलं आणि त्यात राहायला गेले. शेजारी काही विचारायला आले की हात कानामागे. लग्नकार्यात कुणी जवळ बसलं की, "ग्राइंडरने कान खाल्ले माझे, मोठ्यान बोल." नातेवाईक ओरडून बोलतात. आईसुद्धा ओरडते. चौथ्या खोलीतल्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की हेच आईला सांगतात, त्यांचा भात लागतोय बघ. आई म्हणते, "ह्येंका फक्त माझाच ऐकू येणा नाय." आणि हसते.

मी एकदा सांगितलं होतं. गाळा सोडला त्या संध्याकाळी. म्हटलं, बाबा, तुम्ही बरोबर ऐकलं होतंत. मी चुकीचं सांगितलं. कागदात धार ठेवा असं होतं. मी मारायची म्हणाले.

त्यांनी हात कानामागे नेला. "काय?"

मी परत सांगितलं.

"तू बरोबरच सांगितलंस," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसाचं चुकत नाही असल्यात. माझ्याच कानात घोळ झाला." आणि एवढं बोलून टीव्ही लावला. आवाज मात्र नेहमीसारखा बारीकच ठेवला.

मला राग आला होता. माझी चूक होती, माझी एकटीची, आणि तीसुद्धा या माणसाने माझ्याकडे राहू दिली नाही. लहानपणी दप्तर जड झालं की शाळेच्या चढावर काढून घ्यायचे, तशी घेतली. वर हिमाचलात एक माणूस कुठल्यातरी खिडकीशी बसलेला असेल. त्याचं नावही मी कधी विचारलं नाही. नेगीजींचा भाऊ, एवढंच.

तरी गेल्या वर्ष-दोन वर्षांत माझ्या मनात एक गोष्ट यायला लागली होती, आणि ती सांगायची मला लाज वाटते. कदाचित खरंच असेल. चाळीस वर्षं ग्राइंडरशेजारी. कदाचित तेव्हाही त्यांना नीट ऐकू येत नसेल. मी बोलले असेन 'धार ठेवायची', आणि त्यांनी ऐकलं असेल 'मारायची'. आठवण कुणाची खरी, माझी की त्यांची? असा विचार केला की रात्रीची झोप जरा बरी लागायची. शेवटी या जानेवारीत मी त्यांना म्हटलं, चला, कान तपासून घेऊ, मशीन लावता येईल. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आले.

घाटकोपर स्टेशनजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते सेंटर आहे. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानांना हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी बाहेर, तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी. काचेतून बाबा दिसत होते. इस्त्रीचा शर्ट, गुडघे जुळवलेले, परीक्षेला बसल्यासारखे. ती मुलगी शिट्टी सोडायची, आणि बाबांची भुवई हलायची. अंगठा हलायचा नाही. पुन्हा शिट्टी, पुन्हा भुवई. अंगठा बटणावर तसाच, दगडासारखा. मग फार मोठी शिट्टी झाली की ते दाबायचे.

ती मुलगी माझ्याकडे वळली. "ताई, काकांना ऐकू येतंय. मुद्दाम दाबत नाहीयेत. मघाशी मी हेडफोन लावायच्या आधी पाठमोरी असताना हळूच विचारलं, पाणी हवंय का, तर लगेच नको म्हणाले." ती हसली. "काही इन्शुरन्सचं वगैरे आहे का?"

मी म्हटलं, "नाही. तसं काही नाही."

दुसऱ्या प्रकारची एक तपासणी असते, त्यात बटण दाबावं लागत नाही. कानात बारीक नळी घालून यंत्रच सगळं बघतं. तीही केली. रिपोर्ट पाकिटात घालून दिला, म्हणाले, डॉक्टर सोमवारी भेटतील. मी जिन्याच्या वळणावर थांबून उघडला. इंग्रजीत होता. दोन्ही कान वयाच्या मानाने चांगले, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ, बटणाच्या तपासणीतल्या उत्तरांवर भरवसा ठेवता येत नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. या वेळी प्रत्येक शब्द सुटा करून.

बाबा दोन पायऱ्या खाली कठड्याला धरून उभे होते.

"काय लिहिलंय?"

खालून रिक्षांचे हॉर्न वर येत होते, कुणीतरी शटर ओढत होतं.

"दोन्ही कान गेलेत, म्हणतात," मी म्हणाले. "ग्राइंडरच्या आवाजाने."

"कधीपासून, ते लिहिलंय?"

"आठ-दहा वर्षं तरी झाली असतील, असं लिहिलंय."

"म्हणजे तेव्हाही."

"हो, बाबा. तेव्हाही."

त्यांनी मान डोलावली आणि कठडा धरून उतरायला लागले. मी हे सगळं त्यांच्या पाठीशी, अगदी हळू आवाजात बोलले होते. त्यांनी एकही शब्द परत विचारला नव्हता.